खोट्या गर्दीवर नजर

निकाल जाहीर होतो किंवा तिकीटविक्री सुरू होते आणि काही मिनिटांत संकेतस्थळ ठप्प. हे टाळायचं तर खरी गर्दी येण्याआधी खोटी गर्दी आणून बघावी लागते. त्याला लोड टेस्टिंग म्हणतात. या कामात माझी बरीच वर्षं गेली. चाचणी सुरू झाली की खोलीतले सगळे सर्व्हरच्या आलेखांकडे डोळे लावून बसतात: प्रोसेसर किती तापला, मेमरी किती भरली. खोट्या गर्दीकडे मात्र कुणी वळूनही पाहत नाही. सगळ्यात महागात पडलेल्या चुका मी तिथेच पाहिल्या आहेत.

ही गर्दी तयार होते थ्रेडपासून. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रामच्या पोटात स्वतंत्रपणे चालणारी कामाची एक साखळी. १९९८ पासून वापरात असलेल्या जेमीटर या लोड टेस्टिंगच्या साधनात एक थ्रेड म्हणजे एक माणूस. तो पान उघडतो, लॉगिन करतो, वाचायला लागेल तेवढा वेळ थांबतो आणि पुढचं बटण दाबतो. मधल्या थांबण्याला ‘थिंक टाइम’ म्हणतात. सगळे थ्रेड एकदम सोडत नाहीत. ५०० थ्रेड १०० सेकंदांत आणायचे म्हणजे दर सेकंदाला पाच.

कमांड लाइनवरून चाचणी चालवली की जेमीटर साधारण दर ३० सेकंदांनी एक ओळ छापतो. तिच्या शेवटी तीन आकडे असतात: चालू थ्रेड, सुरू झालेले, संपलेले. चाचणी अर्ध्यावर असताना तिथे ‘चालू ४३०, सुरू ५००, संपलेले ७०’ असं दिसलं तर सत्तर जण गुपचूप निघून गेलेत. कदाचित लॉगिनची नावं असलेली फाइल संपली असेल, किंवा एखादी चूक झाली की थ्रेड थांबवायचा असं कुणीतरी सेटिंगमध्ये ठेवलं असेल. गर्दी ओसरली म्हणून सर्व्हर मोकळा श्वास घेतो आणि आपण त्याला पास करून टाकतो.

पण सगळे थ्रेड जागेवर असले तरी भागत नाही, कारण थ्रेडची संख्या म्हणजे भार नव्हे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे कामी येतो: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. समजा २०० थ्रेड आहेत, सर्व्हर अर्ध्या सेकंदात उत्तर देतो आणि थिंक टाइम दीड सेकंद. एका फेरीला दोन सेकंद, म्हणजे सेकंदाला १०० विनंत्या. आता सर्व्हर थकला आणि उत्तराला अडीच सेकंद लागू लागले. फेरी चार सेकंदांची झाली, विनंत्या ५० वर आल्या. थ्रेड तेवढेच, भार मात्र निम्मा. सर्व्हर अडखळला की आपली गर्दी शहाण्यासारखी मागे सरते. खरी गर्दी असं करत नाही. बाहेरून येणाऱ्यांना आत काय चाललंय याचा पत्ताच नसतो.

यातून मोजमापही बिघडतं. एक थ्रेड सेकंदाला १० विनंत्या पाठवतोय, प्रत्येकीला २० मिलिसेकंद लागतात. पन्नास सेकंद सुरळीत गेले आणि मग सर्व्हर १० सेकंद गोठला. थ्रेड एका विनंतीपाशी अडकून बसला. अहवालात ५०१ नोंदी, त्यातली एकच वाईट, सरासरी ४० मिलिसेकंद. छान! पण त्या १० सेकंदांत खरं तर १०० जण आले असते आणि कुणी दहा सेकंद, कुणी नऊ, कुणी पाच असे ताटकळले असते. तेही धरले तर सरासरी ८५० मिलिसेकंदांच्या पुढे जाते, आणि सहातल्या एकाला त्रास झालेला असतो. गिल टेने यांनी या फसगतीला ‘कोऑर्डिनेटेड ओमिशन’ असं नाव दिलं. मापणारा आणि ज्याचं माप घ्यायचं तो, दोघे नकळत संगनमत करतात. मला या क्षेत्रातली ही सर्वांत घातक चूक वाटते, कारण ती अहवालात कुठेच दिसत नाही.

कधीकधी तर गर्दी पाठवणारं मशीनच थकलेलं असतं. एका चाचणीत उत्तरं संथ येत होती, तरी सर्व्हरचा प्रोसेसर जेमतेम हलत होता. नवा, मोठा सर्व्हर घ्यायची बोलणी सुरू झाली होती. मी लोड पाठवणाऱ्या मशीनवर थ्रेड डंप घेतला. त्या क्षणी कोणता थ्रेड कुठे उभा आहे याचा तो फोटोच असतो. बहुतेक थ्रेडसमोर ‘ब्लॉक्ड’ लिहिलेलं, आणि सगळ्यांना हवं असलेलं कुलूप एकच. प्रत्येक उत्तर अख्खंच्या अख्खं एकाच फाइलमध्ये लिहिलं जात होतं आणि फाइलच्या दाराशी रांग लागली होती. ते लिहिणं बंद केलं आणि उत्तरं झटपट येऊ लागली. सर्व्हर निर्दोष होता.

पोर्टचंही असंच. पोर्ट म्हणजे प्रत्येक जोडणीला मशीनवर मिळणारा क्रमांक. लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी एरवी ३२७६८ ते ६०९९९ एवढे, म्हणजे सुमारे २८ हजार पोर्ट असतात, आणि जोडणी आपण बंद केल्यावरही तो पोर्ट ६० सेकंद अडकून राहतो. दर विनंतीला नवी जोडणी उघडली तर एका मशीनवरून एकाच सर्व्हरकडे सेकंदाला जेमतेम ४७० जोडण्या टिकतात. त्यापुढच्या चुका सर्व्हरच्या नावावर लागतात.

म्हणून मी आता शक्य तिथे थ्रेडची संख्या बांधून ठेवत नाही, येण्याचा वेग बांधतो: काहीही होवो, सेकंदाला १०० नवे येणारच. मग थ्रेडचा आलेखच बोलू लागतो. प्रत्येकाचं काम दोन सेकंदांत उरकतंय तोवर तो २०० च्या आसपास सपाट राहतो. चार सेकंद लागू लागले की ४०० कडे चढतो. रेघ चढतच राहिली, कुठेही सपाट होईना, की समजायचं, आत येणारे जास्त आणि बाहेर पडणारे कमी. मी चाचणी तिथेच थांबवतो आणि सर्व्हरचा थ्रेड डंप घेतो.