चष्म्याने नंबर वाढतो का?

"चष्मा सतत लावू नका, डोळ्यांना सवय लागते अन् नंबर वाढतो" हा फॉरवर्ड सगळ्यांकडेच येऊन गेलाय. पटतो पण, कारण चष्मा लागल्यावरच नंबर वाढताना दिसतो ना. पण चष्म्याने नंबर वाढत नाही: मुलांचा मायनस नंबर वाढतो कारण वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांब होतो, आणि चाळिशीत डोळ्यातलं भिंग कडक होतं, काच बिचारी फक्त प्रकाश नीट डोळ्याच्या पडद्यावर आणते. इटलीत त्रेविझोला १३५२ चं भित्तिचित्र आहे, त्यात एक धर्मगुरू नाकावर दोन जोडलेली भिंगं अडकवून लिहितोय, कानावर जाणाऱ्या दांड्याच नाहीत! म्हणजे चाळिशी तेव्हाही होतीच. तपासायचंय? लांबचं स्वच्छ दिसणाऱ्या, कधीच चष्मा न लावलेल्या पन्नाशीतल्या काकांना सुईत दोरा ओवायला सांगा, हात आपोआप लांब जातो.