स्कूबा-स्थळांची स्थाननोंद

बुडी मारून पाहण्याजोगी पाण्याखालची ठिकाणे हेरायची आणि त्यांचे अक्षांश-रेखांश, छायाचित्रे व पाण्यात उतरणाऱ्याला लागणारी माहिती सामायिक यादीत घालायची, हा स्थानशोधकांच्या छंदातला एक लहानसा पण चिवट प्रकार. यादी हौशी लोकच भरतात, हौशीच तपासतात, आणि तिथे जाऊन आलेले आपली भेट त्याच नोंदीखाली लिहितात. प्रवाळ, बुडालेली जहाजे, समुद्रातले खडक, गुहा, झरे, पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणी असे सगळे तिच्यात येते. बुडी शिकवणारे वर्ग आणि सामान भाड्याने देणारी दुकाने तिच्यात येऊ नयेत. ती घातली की यादीची जाहिरातवही होते.

छंदाचे मूळ जीपीएसमध्ये आहे. १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नागरी जीपीएसच्या (उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेच्या) संकेतांत मुद्दाम घातली जाणारी चूक बंद होत असल्याचे जाहीर केले. तोवर शंभर मीटरपर्यंत हुकणारे हातातले यंत्र रातोरात दहा-वीस मीटरवर आले. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ झाडीत एक बादली ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि लपवलेला डबा अक्षांश-रेखांशावरून शोधायचा जिओकॅशिंग हा खेळ सुरू झाला. डबा लपवायचाच कशाला, नुसती चांगली जागा दाखवली तरी पुरे, असे म्हणणारेही लवकरच निघाले. त्यांच्यासाठी सिअ‍ॅटलच्या ग्राउंडस्पीक कंपनीने २००५ मध्ये ‘वेमार्किंग’ हा वेगळा उपक्रम काढला. त्यात जागांचे प्रकार पाडलेले असतात, प्रत्येक प्रकाराला हौशी कारभारी असतात आणि नवी नोंद तेच पारखतात. दीपगृहे, पवनचक्क्या अशा याद्यांच्या शेजारी बुडीच्या ठिकाणांची यादी शोभून दिसते, पण ती भरताना वेगळ्याच अडचणी येतात.

पहिली अडचण अशी की ज्या यंत्रावर सगळा छंद उभा आहे, ते पाण्याखाली आंधळे होते. उपग्रहाचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा संकेत खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरही धड जात नाही. म्हणजे नोंदीतला अक्षांश-रेखांशाचा आकडा नेहमी पृष्ठभागावरचा. यंत्र नेमके कुठे धरले होते हे सांगितल्यावाचून त्याला फारसा अर्थ नाही. बालीत तुलांबेनला ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज किनाऱ्याला इतके लागून पडले आहे की लोक गोट्यांच्या पुळणीवरून चालत पाण्यात शिरतात. जानेवारी १९४२ मध्ये जपानी टॉर्पेडो लागल्यावर ते किनाऱ्यावर आणून टेकवले होते. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते पुन्हा पाण्यात ढकलले. अशा ठिकाणी दोन आकडे हवेत, एक पाण्यात उतरायच्या जागेचा आणि एक जहाजाचा. एकच द्यायचा असेल तर पहिला द्यावा. पाण्यात उतरल्यावर जहाज शोधता येते. चुकीच्या जागी उतरून हवेच्या बाटल्या पाठीवर घेऊन परत फिरणे त्रासाचे होते.

होडीने जायच्या ठिकाणी बहुतेक जण बोयाचा, म्हणजे दोराने तळाला बांधलेल्या तरंगत्या खुणेचा, आकडा घेतात. बोया जागचा हलत नाही, असे वरून वाटते. पण तळ वीस मीटरवर आणि दोर तीस मीटरचा असेल, तर पाणी ओढेल तिकडे बोया मूळ जागेपासून बावीस मीटरपर्यंत सरकतो. भरतीला एका अंगाला, ओहोटीला दुसऱ्या. दोघांनी घेतलेल्या आकड्यांत चाळीस मीटरचा फरक सहज पडतो. पाण्यात पाच मीटरपलीकडे दिसत नसेल तर तेवढ्यात खडक कायमचा हुकतो. म्हणून जाणता माणूस भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलेले असताना होडी खडकाच्या थेट वर आणतो आणि मगच आकडा टिपतो. जीपीएस नव्हते तेव्हा तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत, बाजूच्या दुसऱ्या दोन दुसऱ्या रेषेत धरून खडक गाठत. ही पद्धत मोडीत काढण्याचे कारण नाही. आकड्याखाली तशा खुणांची एक ओळ असली की यंत्र बंद पडले तरी नोंद कामाची राहते.

आकडा लिहिण्यातही घोळ होतात. या छंदात अंश आणि दशांश मिनिटे (एका अंशाची साठ मिनिटे) लिहायची रीत आहे. सिंधुदुर्ग किल्ला ढोबळमानाने उ. १६° ०२.५′, पू. ७३° २७.६′ येथे आहे. कोणी मिनिटे लक्षात न घेता तेच १६.०२५ आणि ७३.२७६ अंश म्हणून भरले, की अक्षांश एका मिनिटाने, म्हणजे १,८५२ मीटरने चुकतो आणि रेखांश जवळजवळ वीस किलोमीटरने. किल्ला मालवण बंदरासमोरून उठून पश्चिमेला भर समुद्रात जातो. जमिनीवर अशी चूक लपत नाही, कारण दीपगृह कोणाच्या तरी भाताच्या खाचरात उभे दिसते. समुद्रात नकाशा सगळीकडे सारखाच निळा असल्याने ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेत येत नाही.

खोलीचा आकडा तर याहून फसवा. एक जण फुटांत लिहितो, दुसरा मीटरमध्ये; एकाने उधाणाच्या भरतीला मोजलेले असते, दुसऱ्याने भांगाच्या, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असलेल्या दिवसांतल्या, ओहोटीला. कोकण किनाऱ्यावर यात दोनेक मीटरचा फरक पडतो. सर्वसाधारण हौशी बुडीच्या मर्यादा ठरलेल्या आहेत: प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्याला १८ मीटर, पुढचे शिकलेल्याला ३०, आणि कमाल ४०. त्यामुळे १७ मीटर लिहिलेली जागा प्रत्यक्षात १९ निघाली तर कोणी उतरावे हेच बदलते. समुद्रापासून दूरच्या ठिकाणी नुसती खोली सांगून भागत नाही. न्यू मेक्सिकोत, वाळवंटी मुलखात, सांता रोझा गावी ‘ब्लू होल’ नावाचा गोल निळा झरा आहे. खोली सुमारे २५ मीटर, पाणी बारा महिने १६-१७ अंश सेल्सियस. यादीत बघितले तर साधेसोपे ठिकाण. पण गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून किती खोल किती वेळ राहायचे हे सांगणारी समुद्रावरची बुडीची कोष्टके जशीच्या तशी चालत नाहीत. ३०० मीटरच्या वर गेले की वेगळा हिशेब धरतात. तळाशी आणखी एक गुहा फुटते. १९७६ मध्ये तिच्यात शिकाऊ पाणबुडे दगावले, आणि तोंडावर लोखंडी जाळी बसवली गेली. उंची आणि गुहा सांगणारी दोन वाक्ये नसलेली सांता रोझाची नोंद, छायाचित्र कितीही सुरेख असले तरी, परत पाठवावी.

‘ब्लू होल’ हे नावही एकाच जागेचे नाही. बेलीझमध्ये एक आहे, इजिप्तमध्ये दहाबला एक, माल्टाच्या गोझो बेटावर एक. नावावरून शोधणारा सहज भलत्या देशात पोहोचतो. नावे बदलतातही: अंदमानातले हॅवलॉक २०१८ च्या डिसेंबरपासून स्वराज द्वीप झाले, आणि जुन्या नोंदी जुन्याच नावाखाली राहिल्या. गोव्यातल्या ग्रँड आयलंडभोवतीच्या ‘सुझीज रेक’, ‘उमा गुमा रीफ’ यांसारख्या जागांना ही नावे बुडी मारणाऱ्यांनी दिलेली. होडीवाल्याला विचारायचे तर खुणेने विचारावे लागते. मालवणात प्रकार उलटा. पर्यटकाला किल्ल्याजवळ प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली नेतात, त्या जागेला सगळे नुसते ‘स्कूबा पॉइंट’ म्हणतात. हा परिसर १९८७ मध्ये जाहीर झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याच्या आसपासचा. त्यामुळे अभयारण्याची हद्द, नांगर कुठे टाकायचा नाही आणि पावसाळ्यात बुडी बंद असते, हे नोंदीत यायलाच हवे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया बँक’ आहे. ती बुडालेल्या पठारासारखी असून तिचा माथाच वीसेक मीटर पाण्याखाली आहे. तिचा पसारा इतका मोठा की एका ठिपक्यात तिला बसवणे म्हणजे सह्याद्री म्हणून एका दगडाचे छायाचित्र लावणे.

काही ठिकाणांच्या बाबतीत आकडा जाहीर करावा का, हाच प्रश्न असतो. जावा समुद्रात फेब्रुवारी १९४२ च्या लढाईत बुडालेली ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ या डच युद्धनौका हौशी पाणबुड्यांना २००२ मध्ये सापडल्या. २०१६ मध्ये पुन्हा पाहणी झाली तेव्हा त्या जवळजवळ नाहीशा होत्या. तळावर त्यांच्या आकाराचे खळगे उरले होते. भंगारासाठी अख्खी जहाजे उचलली गेली होती, आणि ती शेकडो खलाशांची थडगी होती. ब्रिटनमध्ये अशा अवशेषांना १९८६ पासून कायद्याचे संरक्षण आहे. यादीवाल्यांचे धोरण एकसारखे नाही. नाव आणि गोष्ट द्यावी, पण आकडा मिनिटाच्या पुढे देऊ नये, हा मध्यममार्ग बरा वाटतो. तांबड्या समुद्रातल्या ‘थिसलगॉर्म’सारख्या जहाजावर मात्र रोज होड्यांची रांग लागते, तिथे आकडा लपवून काही साधत नाही.

जुन्या झालेल्या नोंदींकडे सहसा कोणी वळून बघत नाही. ‘ओरिस्कनी’ हे विमानवाहू जहाज १७ मे २००६ रोजी फ्लोरिडातल्या पेन्साकोलासमोर कृत्रिम प्रवाळभित्ती म्हणून बुडवले, तेव्हा त्याचा उड्डाणतळ सुमारे ४१ मीटरवर होता. दोन वर्षांनी गुस्ताव वादळात जहाज आणखी खचले आणि तोच उड्डाणतळ ४४ मीटरवर गेला. पेन्सिल्व्हेनियातली ‘डच स्प्रिंग्ज’ ही बुडीसाठी गाजलेली दगडखाण त्या नावाने २०२१ मध्ये बंद झाली. आपल्याकडेही नव्या भरीची योजना निघाली. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ बुडवायचे ठरले. बुडवायच्या जहाजाची नोंद घाईने योजनेतल्या आकड्यावर करू नये. जहाज तळाला टेकताना थोडे इकडेतिकडे जातेच.

नोंद ताजी ठेवतात त्या भेटीच्या ओळी. ‘अप्रतिम अनुभव, सर्वांनी जरूर जावे’ अशा ओळी शेकड्यांनी असतात आणि त्यांतून काही कळत नाही. कामाची ओळ साधारण अशी असते: ‘सकाळी साडेसात, भरती संपत आलेली. बोया नव्हता, दीपगृह आणि उंच माडांची जोडी धरून खडक मिळाला. माथा ११ मी., तळ १६. पाणी २७ अंश, चार मीटर दिसत होते. उत्तर बाजूला तुटके जाळे अडकले आहे, कात्री न्यावी.’