अटक नव्हे, ‘ताब्यात’

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शने दुचाकीवरच्या दोघांचा जीव घेतला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला. अटींत ३०० शब्दांचा निबंध. निबंधाची टिंगल झाली, ती व्हायलाच हवी होती. पण अल्पवयीनाला जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद, हे कायद्यात आधीपासूनच होतं.

मुलांसाठी वेगळा कायदा ही कल्पना जुनीच. १८५०च्या कायद्याने गुन्ह्यांत सापडलेल्या पोरांना कारागिराच्या हाताखाली धाडायची सोय केली. १८७६च्या कायद्यात सुधारशाळा आल्या. १९१९-२०च्या तुरुंग समितीने मुलांना वेगळं ठेवा असं बजावलं. मग मद्रास, बंगाल आणि १९२४ साली मुंबई प्रांताने आपापले कायदे केले. ‘रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी मराठी घरांत पुढे कितीतरी वर्षं चालली.

देशभर एक कायदा व्हायला मात्र १९८६ उजाडलं. मुलं तुरुंगांत खितपत पडल्याचं पत्रकार शीला बारसे यांनी त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलं होतं. त्या कायद्यात मुलगा १६पर्यंत, मुलगी १८पर्यंत अल्पवयीन. २००० साली दोघांना १८. भाषाही बदलली: आरोपी नव्हे, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. आजही पोलिसांनी बेडी घालायची नाही, कोठडीत ठेवायचं नाही आणि २४ तासांच्या आत मंडळापुढे न्यायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांत किमान एक महिला.

डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर वारं फिरलं. त्यातल्या अल्पवयीनाला कमाल तीन वर्षंच सुधारगृहात ठेवता आलं. तो सुटला डिसेंबर २०१५मध्ये. दोनच दिवसांत राज्यसभेने नवा कायदा संमत केला. घाईत केलेला कायदा, असं माझं मत. १६ ते १८ वयाच्या मुलावर, गुन्हा ‘अतिगंभीर’ असेल तर, मंडळाच्या प्राथमिक मूल्यांकनानंतर प्रौढासारखा खटला चालू शकतो.

खोच आहे ‘अतिगंभीर’मध्ये. त्यासाठी कलमात किमान सात वर्षांची शिक्षा हवी. पुण्याच्या प्रकरणात लावलेल्या, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या सदोष मनुष्यवधाच्या कलमात कमाल शिक्षा मोठी, किमान काहीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असे गुन्हे त्या वर्गात बसत नाहीत असं सांगितलं होतं. पुण्यातल्या मुलाला प्रौढ धरा, ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५मध्ये फेटाळली.