क्लिनिकल पोस्टिंग (सोलापूर)

एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याने रुग्णालयाच्या एकेका विभागात ठरावीक आठवडे हजर राहून, रुग्णाच्या खाटेशेजारी घ्यावयाच्या शिक्षणाला क्लिनिकल पोस्टिंग म्हणतात. सोलापुरात हे शिक्षण प्रामुख्याने १९६३ साली स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मिळते. शहरात हे रुग्णालय 'सिव्हिल' याच नावाने ओळखले जाते. कुंभारी येथील अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातही अशीच व्यवस्था आहे. दोन्ही महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, असते. २०१९ पासून देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी रुग्णांची ओळख करून देण्यास सुरुवात केली. मात्र रोजचे सुमारे तीन तासांचे नियमित पोस्टिंग दुसऱ्या वर्षापासूनच सुरू होते. प्रात्यक्षिक व क्लिनिकल कामासाठी ८० टक्के उपस्थिती बंधनकारक असते आणि केलेल्या कामाची नोंद लॉगबुकात करून त्यावर शिक्षकांची सही घ्यावी लागते.

पोस्टिंगचा गाभा 'केस काढणे' हा आहे. विद्यार्थी वॉर्डात एक रुग्ण निवडतो, त्याची मुख्य तक्रार आणि ती किती दिवसांपासून आहे हे विचारतो, मग पूर्वीचे आजार, घरातील आजार, व्यसने व व्यवसाय यांची माहिती घेतो आणि त्यानंतरच तपासणीकडे वळतो. पोट तपासताना तो रुग्णाच्या उजव्या बाजूला उभा राहतो, रुग्णाला गुडघे दुमडायला सांगतो, स्वतःचे गार हात चोळून गरम करतो आणि ओटीपोटाच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून प्रत्येक श्वासागणिक हात थोडाथोडा वर सरकवत यकृताची कड बोटांना लागते का, हे पाहतो. सुरुवातीच्या दिवसांत ती कड बहुधा लागत नाही. निवासी डॉक्टर, म्हणजे तेथे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, शेजारी उभे राहून हात धरून जागा दाखवतात, तेव्हा ती समजते. पुढे हीच केस शिक्षकांसमोर मांडावी लागते. तेथे निदान चुकले तरी एक वेळ चालते, पण विचारायचा प्रश्न राहून गेला असेल तर विद्यार्थ्याला पुन्हा खाटेकडे पाठवले जाते, आणि ते योग्यच आहे.

सोलापुरातील पोस्टिंगचे वेगळेपण या विचारपूस करण्यातच आहे. शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू घरोघरी बोलल्या जातात. शिवाय अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, तुळजापूर आणि सीमेपलीकडील कर्नाटकातील गावांतूनही रुग्ण येतात. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेला विद्यार्थी दुखणे, ताप, उलटी, किती दिवस अशा मोजक्या प्रश्नांपुरती कन्नड व तेलुगू वॉर्डातील मावशी (मदतनीस स्त्रिया) आणि सिस्टर यांच्याकडून शिकतो. नातेवाइकाला दुभाषी करण्याचा मार्ग सोपा वाटतो, परंतु तो धोक्याचा आहे. स्त्रीरोग विभागात सासू किंवा नवरा उत्तरे देऊ लागला की पाळीची, गर्भपाताची वा मारहाणीची हकीकत हमखास गळते आणि कागदावर राहते ती त्या नातेवाइकाची समजूत. या कामात मुरलेले विद्यार्थी नातेवाइकांना औषधे आणायला पाठवतात आणि तेवढ्या वेळात सिस्टरच्या मदतीने, 'मावशी, आता तुम्हीच सांगा,' असे म्हणून रुग्ण स्त्रीला पुन्हा विचारतात.

व्यवसायाचा रकाना येथे नुसता भरून चालत नाही. जुन्या कापड गिरण्या बंद पडल्या असल्या तरी यंत्रमाग चालू आहेत आणि हजारो स्त्रिया विड्या वळतात. मागाच्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्याला ऐकू कमी येते. अशा रुग्णाला प्रश्न समोर बसून, ओठ दिसतील असे विचारावे लागतात. कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याची छाती आवळत असेल, तर ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त आवळते का, या एका प्रश्नातून बिसिनोसिस या फुप्फुसविकाराची दिशा मिळते. विडी कामगार स्त्रीला तंबाखूबद्दल विचारले तर ती 'खात नाही' असे खरे उत्तर देते. तंबाखूच्या धुळीत ती किती तास बसते हे वेगळे विचारावे लागते.

युनिटच्या, म्हणजे विभागातील डॉक्टरांच्या एका गटाच्या, इमर्जन्सीच्या दिवशी शेतीचे आजार समोर येतात. कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाच्या डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडाला फेस असतो आणि अॅट्रोपिन हा उतारा देताना छातीतील घरघर कमी होते की नाही, याकडे लक्ष ठेवावे लागते. मण्यार चावलेल्याच्या अंगावर खूण क्वचितच दिसते; पहाटे पोट दुखते म्हणून आलेल्या शेतमजुराच्या पापण्या उतरू लागल्या, तर आधी तो रात्री जमिनीवर झोपला होता का, हे विचारायचे असते.

बाकीचा दिवस साधा असतो. दुपारी व्याख्याने, संध्याकाळी पुन्हा वॉर्डात केस काढणे, रात्री वाचनालय. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे होस्टेलवर रात्रीचा अभ्यास गच्चीवर हलतो; घरून आलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी मेसच्या जेवणाला जोड देते. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो, तेव्हा पोस्टिंग संपताच सगळी बॅच तिकडे जाते.

इंटर्नशिपमध्ये भूमिका बदलते. सलाइन लावणे, रक्ताचे नमुने घेणे, टाके घालणे, केसपेपर पूर्ण करणे ही कामे इंटर्नकडे येतात आणि काही आठवडे ग्रामीण आरोग्य केंद्रावर जातात. वारीच्या काळात जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा पंढरपूर व पालखी मार्गावर गुंतलेली असते. विहिरी व टँकरच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यानंतर एक तासाने लिटरमागे किमान ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले आहे का, ही पुस्तकात पाठ केलेली चाचणी तेथे लाखो वारकऱ्यांसाठी केली जाते. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यांना त्यानंतर शासकीय सेवेचे एक वर्षाचे बंधपत्र पूर्ण करावे लागते.