व्हर्च्युअल मशीनची भिंतही सॉफ्टवेअरचीच

‘व्हर्च्युअल मशीनमधला व्हायरस बाहेर येऊच शकत नाही, आतली सिस्टीम अपडेट केली की पुरे,’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो. व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या (होस्टच्या) आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्यामुळे समज स्वाभाविक आहे. दोघांमध्ये भिंत खरोखरच असते. पण तीही सॉफ्टवेअरचीच. २०१५ मध्ये उघड झालेला ‘व्हेनम’ दोष क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये २००४ पासून होता. (फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं, कोड मात्र हजर!) त्यातून मशीनच्या आतून थेट होस्टवर कोड चालवणं शक्य होतं.

म्हणून पॅच (दोष दुरुस्त करणारा अपडेट) होस्टवरही हवा. चूक पुढे होते: होस्टवर क्यूईएमयूचं पॅकेज अपडेट करून मशीन आतून नुसतं रीस्टार्ट केलं, तर ते मशीन चालवणारी होस्टवरची जुनी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) बहुधा तशीच चालू राहते. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. मग होस्टवर त्या प्रोसेसची सुरुवातीची वेळ पाहा. ती अपडेटच्या आधीची असेल, तर मेमरीत जुनाच कोड आहे.