म्युलर पेशींचे रिप्रोग्रामिंग

डोळ्याच्या पडद्यातील (दृष्टिपटलातील) म्युलर पेशींना जनुकांच्या मदतीने नव्या चेतापेशी घडवायला लावण्याचे तंत्र. सस्तन प्राण्यांत पडद्याच्या चेतापेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही ती यामुळेच.

हाइनरिख म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये या पेशींचे वर्णन केले. पडद्याच्या आरपार खांबासारख्या उभ्या असलेल्या या पेशी चेतापेशींना पोसतात आणि त्यांचा कचराही उचलतात.

त्यांच्यातली दुसरी ताकद कळली ती झेब्रा माशामुळे. गंगेच्या खोऱ्यातला, घरोघरच्या काचेच्या टाक्यांत दिसणारा हा निळ्या पट्ट्यांचा मासा. त्याचा पडदा प्रखर प्रकाशाने जाळला तरी काही आठवड्यांत भरून येतो. इजा होताच म्युलर पेशीचे केंद्रक जागा सोडून बाहेरच्या थराकडे सरकते आणि पेशी विभागते. एक पेशी म्युलरच राहते, दुसरीपासून मेलेल्यांच्या जागी नव्या चेतापेशी होतात. यासाठी एएससीएल-१ए हे जनुक जागे व्हावे लागते. उंदराकडे आणि माणसाकडेही त्याचे भावंड, एएससीएल-१, आहे. पण इजेनंतर आपल्या म्युलर पेशी ते चालू न करता नुसत्या फुगतात आणि व्रण धरतात.

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात थॉमस रेह यांच्या गटाने हे जनुक उंदरांत बाहेरून चालू केले. पिल्लांत तेवढ्याने भागले, प्रौढांत नाही: तिथे डीएनएची गुंडाळी इतकी घट्ट की हवे ते भाग उघडेच नव्हते. गुंडाळी सैल करणारे ट्रायकोस्टॅटिन-ए डोळ्यात टोचल्यावर मात्र काम झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातल्या नव्या पेशी शेजाऱ्यांशी जोडल्या गेल्या, प्रकाशाला प्रतिसादही देऊ लागल्या. पण त्या मुख्यतः आतल्या थराच्या होत्या. प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकुपेशी त्यांतून मिळाल्या नाहीत.

या क्षेत्रात फसगतही झाली आहे. २०२० मध्ये पीटीबीपी-१ हे एकच जनुक दाबून उंदरांत नव्या चेतापेशी मिळाल्याचा दावा गाजला. पुढे इतरांनी ते जनुक म्युलर पेशींतून पुरते काढून पाहिले, तर काहीच घडेना. विषाणूमार्फत लावलेली चमकती खूण फक्त म्युलर पेशींत उमटायला हवी होती. ती शेजारच्या जुन्या चेतापेशींतही उमटत होती. ‘नव्या’ म्हणून मोजलेल्या पेशी आधीपासून तिथेच होत्या! त्यामुळे उंदराच्या म्युलर पेशींवर आधीच कायमची जनुकीय खूण करून मग त्यांचा माग काढलेला नसेल, तर असा दावा मानू नये.

जपानमध्ये कोबे येथे २०१४ मध्ये एका महिला रुग्णाच्याच त्वचेच्या पेशींपासून बनवलेला रंजकपेशींचा (पडद्यामागच्या रंगीत आधारपेशींचा) थर तिच्या डोळ्यात बसवला गेला. तेही रिप्रोग्रामिंगच, पण पेशी प्रयोगशाळेत बदलून मग रोपलेल्या. म्युलर पेशींच्या बाबतीत सगळा बदल डोळ्यातच घडवायचा असतो.