पासे कोंपोझे (फ्रेंचमधील संयुक्त भूतकाळ)

पासे कोंपोझे हा फ्रेंच भाषेतील पूर्ण झालेली क्रिया सांगणारा भूतकाळ असून आजच्या बोलण्यात, पत्रव्यवहारात आणि वृत्तपत्रांत गत घटना सांगण्यासाठी प्रामुख्याने तोच वापरला जातो. त्याला ‘संयुक्त’ म्हणण्याचे कारण असे, की त्याचे क्रियापद दोन पदांचे असते. पहिले पद म्हणजे ‘आव्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) या साहाय्यक क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप आणि दुसरे म्हणजे मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित, म्हणजे ‘बोललेला’सारखे धातूपासून बनलेले रूप. पुरुष आणि वचन यांनुसार बदलते ते साहाय्यक. अर्थ धातुसाधितात असतो. त्यामुळे या दोन क्रियापदांची वर्तमानकाळी रूपे ज्याला पाठ आहेत, त्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.

नियमित क्रियापदांचे धातुसाधित मूळ रूपाच्या शेवटावरून ठरते. फ्रेंचमधील सुमारे 90 टक्के क्रियापदे ज्या पहिल्या गणात मोडतात, त्यांच्या मूळ रूपाच्या शेवटी लेखनात ‘ई’ आणि ‘आर’ ही दोन रोमन अक्षरे येतात. ती काढून त्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले ‘ई’ हे अक्षर लिहिले, की धातुसाधित तयार होते. ‘पार्ले’ (बोलणे) याचे धातुसाधितही उच्चारात ‘पार्ले’च राहते, फरक दिसतो तो केवळ कागदावर. दुसऱ्या गणातील ‘फिनीर’ (संपवणे) याचे ‘फिनी’ होते आणि ‘व्हांद्र’ (विकणे) यासारख्या नियमित क्रियापदाचे ‘व्हांद्यू’.

‘पार्ले’ या क्रियापदाची सहा रूपे पुढीलप्रमाणे होतात: झे पार्ले (मी बोललो), त्यू आ पार्ले (तू बोललास), इल आ पार्ले (तो बोलला), नू झाव्हों पार्ले (आम्ही बोललो), वू झाव्हे पार्ले (तुम्ही बोललात), इल झों पार्ले (ते बोलले). यांतील ‘झे’मधला झ मराठी ‘झेंडा’तल्यासारखा, तर उरलेल्या तिन्ही ठिकाणचा ‘झाड’मधल्यासारखा उच्चारायचा असतो. हा दुसरा झ सर्वनामाच्या शेवटच्या, एरवी मूक असणाऱ्या अक्षरातून पुढच्या स्वराला जोडून येतो. तो ढिला पडून ‘स’ झाला, तर ‘इल झों’चे ‘इल सों’ होते, म्हणजे ‘आव्वार’च्या जागी ‘एत्र’चे रूप ऐकू येते, नवशिक्यांच्या चुकांतील ही सर्वांत घातक म्हणावी लागेल. नकार करताना ‘न’ आणि ‘पा’ हे दोन शब्द साहाय्यकाच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि धातुसाधित त्या कुंपणाबाहेर राहते: झ ने पा पार्ले (मी बोललो नाही).

बहुतेक क्रियापदे ‘आव्वार’ घेतात. जाणे, येणे, पोचणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे अशा अर्थांची मोजकी अकर्मक क्रियापदे आणि सर्व आत्मवाचक (कर्त्याची क्रिया स्वतःकडेच वळवणारी) क्रियापदे मात्र ‘एत्र’ घेतात. ही मोजकी क्रियापदे लक्षात राहावीत म्हणून वर्गात एका घराचे चित्र काढतात, ज्यात माणूस आत येतो, जिना चढतो, पडतो, बाहेर जातो. मात्र ही यादी अर्थाकडे न पाहता घोकणे उपयोगाचे नाही. ‘मोंते’ (चढणे) हे क्रियापद ‘ती वर गेली’ या अर्थी ‘एत्र’ घेते, पण ‘तिने बॅग वर नेली’ असे कर्म आले, की लगेच ‘आव्वार’ घेते.

मराठीत ‘मी बोललो’ आणि ‘मी बोललो आहे’ या दोहोंसाठी हा एकच काळ चालतो. ‘मी बोलत होतो’ किंवा ‘मी बोलायचो’ यांसाठी मात्र आंपार्फे हा वेगळा भूतकाळ आहे. पूर्वी स्थिती निराळी होती. 1660 च्या, एका फ्रेंच मठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोर्त-र्‍वायाल व्याकरणात आज सकाळच्या घटनेसाठी पासे कोंपोझे आणि कालच्यासाठी पासे सेंप्ल हा साधा भूतकाळ, असा भेद सांगितलेला आहे. पुढे बोलण्यातून पासे सेंप्ल मागे पडला आणि तो मुख्यतः लिखित कथनापुरता उरला. त्या कथनातही आल्बेर काम्यू यांनी ‘लेत्रांझे’ (1942) ही कादंबरी मुख्यत्वे पासे कोंपोझेत लिहून रूढीला छेद दिला.

या काळातील खरी गुंतागुंत आहे ती धातुसाधिताच्या लिंगवचनाची, आणि येथे मराठी वाचकाला स्वतःच्या व्याकरणाचा आधार मिळतो. ‘एत्र’ असता धातुसाधित सामान्यतः कर्त्याप्रमाणे बदलते, जसे आपल्या कर्तरी प्रयोगात ‘सीता गेली’. ‘आव्वार’ असता ते कर्त्याकडे पाहतच नाही. पाहिलेच तर कर्माकडे पाहते, जसे कर्मणी प्रयोगात ‘रामाने खिडकी बंद केली’. भेद एवढाच, की मराठीत कर्म कोठेही असले तरी चालते, तर फ्रेंचमध्ये ते क्रियापदाच्या आधी आलेले असावे लागते. ‘झे फेर्मे ला फनेत्र’ (मी खिडकी बंद केली) यात धातुसाधित तसेच राहते. ‘ला फनेत्र क झे फेर्मे’ (मी बंद केलेली खिडकी) यात मात्र त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय लागतो. याचे मूळ लॅटिनमधील ‘हाबेओ लित्तेरास स्क्रिप्तास’ अशा रचनेत आहे. तिचा शब्दशः अर्थ ‘माझ्याकडे पत्रे लिहिलेली आहेत’ असा होतो आणि ‘लिहिलेली’ हे पत्रांचेच विशेषण असते. कर्म आधी येण्याची अट सोळाव्या शतकात कवी क्लेमां मारो याने इटालियनचा दाखला देऊन पुढे केली आणि वैयाकरणांनी ती उचलून धरली.

नियमित क्रियापदांत हा प्रत्यय ऐकूच येत नाही, त्यामुळे तो शुद्धलेखनाचाच प्रश्न ठरतो. 1900 साली फ्रेंच शिक्षण खात्याने ‘आव्वार’सोबतचे धातुसाधित सरसकट अविकारी ठेवलेले परीक्षेत चालेल अशी मुभा दिली होती, परंतु भाषेच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणाऱ्या फ्रेंच अकादमीच्या आक्षेपानंतर 1901 च्या सुधारित आदेशात ती बरीच आखडली. 1990 च्या लेखनसुधारणांनीही या नियमाला हात जवळजवळ लावलाच नाही. ‘लेसे’ (करू देणे) या क्रियापदापुढे दुसऱ्या क्रियापदाचे मूळ रूप आले असता त्याचे धातुसाधित अविकारी ठेवावे, एवढीच शिफारस त्यांत केली गेली.